आत्याबाईंचा आयएसडी

आधीच सांगून टाकते, चूक माझी नव्हती. चूक आमच्या ह्यांची होती, आणि थोडीशी चंद्रव्वांच्या कुंकवाची. आता सोलापुरातल्या आमच्या अख्ख्या बाळीवेशीत जो तो मला बघून 'कुर्र' करतो आणि हसतो. हसा बाबांनो! ज्याच्या पाठीत बसतात त्यालाच कळतं की.

माझा धाकटा भाऊ शिवानंद ओमानला असतो. तिथं सोहार म्हणून गाव आहे, तिथल्या कारखान्यात इंजिनिअर आहे. लग्न उशिरा केलं आणि त्याच्याही बऱ्याच नंतर, ह्या दिवाळीत, त्याला मुलगी झाली. फोनवर म्हणाला, "अक्का, नाव तू ठेवायचंस. आणि काय ठेवणार ते आम्हाला आधी सांगायचं नाही. आत्याचा मान आहे." मी म्हटलं, सांगतेय कशाला!

आमच्याकडं रीतच तशी आहे. बारशाला आत्या बाळाच्या कानाला तोंड लावते, 'कुर्र' करते आणि नाव सांगते. ते नाव सगळ्यांत आधी बाळानं ऐकायचं, मग आईबापानं, मग बाकीच्यांनी. आणि नाव सांगून होतंय न होतंय तोवर जमलेल्या बायका आत्याच्या पाठीत धपाधप बुक्क्या घालतात. का घालतात ते मला विचारू नका, माझ्या आजीलाही माहीत नव्हतं. पण बुक्क्या पडल्याशिवाय बारसं झाल्यासारखं वाटत नाही.

नाव माझ्यापाशी तयार होतं. आजचं नाही, लई जुनं. खरं सांगायचं तर ते माझ्या मुलीचं नाव. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर मला दिवस गेले, तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं होतं की मुलगीच होणार आणि तिचं नाव हेच. एवढी उतावीळ मी, की भांड्याच्या दुकानात जाऊन एका लहानशा स्टीलच्या वाटीवर नाव घालूनसुद्धा आणलं. कुणाला सांगितलं नाही. बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा तिथल्या ट्रंकेत, भांड्यांच्या तळाशी ती वाटी लपवली. सातव्या महिन्यातच सगळं संपलं. पुढं काही झालं नाही. वाटीचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही, आईनं मोडीत घातली असणार. ते नाव त्यानंतर मी एकदाही तोंडानं उच्चारलं नाही, ह्यांच्यापुढंसुद्धा नाही. आता इतक्या वर्षांनी ते ठेवायला जागा मिळाली होती, आणि ती जागा मेली ओमानात होती.

जाऊन यावं म्हटलं तर माझा पासपोर्ट अजून हातात आला नव्हता. मग राहिला फोन. माझ्याकडं विकतची शेंगाचटणी न्यायला येणारी प्रत्येक बाई मला शहाणपण शिकवून जायची. "मेसेज करा की वो." मेसेज केला तर नाव आधी शिवानंद वाचणार, त्याची बायको भुवनेश्वरी वाचणार. बाळाला वाचता येतं का? "मग व्हॉट्सॲपवरून बोला." तर तिकडं त्याच्यावरून फोन लागत नाही, नुसते फोटो जातात. शिवानंदनं दुसरं कुठलंतरी ॲप घ्यायला लावलं. त्यात एकदा त्याचं तोंड उघडलेलं दिसलं, ते मिटलंच नाही. शेवटी साधा फोन करायचा ठरलं, आवाजाचा, पूर्वी करायचे तसा.

"मग मीच लावतो इकडून," शिवानंद म्हणाला.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "आत्या पाळण्याकडं जाते, पाळणा आत्याकडं येत नाही. फोन माझ्याकडूनच येणार."

"बरं बाई, लाव."

तेवढ्यात मागून भुवनेश्वरी बोलली, अगदी प्रेमानं हं, "अक्का, तुमचा फोन नाहीच लागला तर आमची महेश्वरी ठेवेल नाव. तुम्ही काळजी करू नका." महेश्वरी म्हणजे तिची धाकटी बहीण, बाळंतिणीच्या मदतीला गेलेली. मावशी! काळजी करू नका म्हणे. मी त्या दिवशी चटणीत मीठ दोनदा घातलं आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली.

आता आमचे हे. ह्यांचं मोबाइलच्या कव्हरचं आणि रिचार्जचं दुकान आहे, पण त्याआधी ह्यांचा एसटीडी-आयएसडीचा बूथ होता. काचेची केबिन, आत खेळण्याएवढा पंखा, बाहेर लाल आकडे पळणारं मशीन. बूथ बंद होऊन जमाना झाला, पण तो ह्यांच्या डोक्यातून बंद झालेला नाही. परदेशी फोन म्हटल्यावर ह्यांच्या अंगात संचारलं.

"अख्खी बाळीवेस माझ्या बूथवरून दुबईला बोललीय," हे म्हणाले.

बोलत होते ते सगळे पुण्याला आणि हुबळीला. दुबईला एकटा संगप्पा टेलर बोलायचा, तोही वर्षातून एकदा, तेही भांडायला. पण मी गप्प बसले, कारण गरज मला होती.

"हे बघ. आधी आपल्या देशाबाहेर पडायचं. त्यासाठी शून्य शून्य. मग ज्या देशात शिरायचं त्याचा कोड. ओमानचा नऊशे अडुसष्ट. मग माणसाचा नंबर. आपल्या सवयीनं मध्येच आणखी एक शून्य घुसडलंस की दारातच अडकलीस म्हणून समज."

"मोबाइलवर नुसतं प्लस दाबलं तरी चालतं म्हणे."

"प्लस म्हणजे लाड," हे म्हणाले. "शून्य शून्य म्हणजे शिस्त."

माझ्या फोनवर परदेशी बोलायची सोयच नव्हती, ती ह्यांनी दुकानात बसून चालू करून घेतली. चालू झाल्याचा मेसेज आल्यावर म्हणाले, एकदा लावून बघू या. मी म्हटलं, छे! बारशाआधी कुणी पाळण्यात डोकावतं का? मग म्हटलं, नंबर तरी फोनमध्ये साठवून ठेवा. तर ह्यांचं आपलं, "बूथवर कधी नंबर साठवला होता का मी? बोटानं लावायचा." अशी आमची तयारी. एक झाकायला जावं, तर दुसरं उघडं पडावं.

मठातल्या स्वामींनी दुपारी बाराच्या आत नाव ठेवा म्हणून सांगितलं. तर आमच्यात नवा वाद, बारा कुणाचे? सोहारचं घड्याळ आपल्या दीड तास मागं. आम्ही जेवायला बसतो तेव्हा त्यांचा नाश्ता चाललेला असतो. शेजारच्या चंद्रव्वा ह्या आमच्याकडच्या रीतिरिवाजांच्या हायकोर्ट. त्या म्हणाल्या, "आत्या हितली, मग बारा बी हितलंच. त्यात काय इचारायचं?" निकाल लागला.

मी शिवानंदला बजावून ठेवलं, "बाराच्या आत फोन वाजेल. वाजला की उचलायचा आणि तडक बाळाच्या कानाला लावायचा. हॅलोसुद्धा म्हणायचं नाही. तिच्या कानात पहिला शब्द माझा पडला पाहिजे."

"हॅलोसुद्धा नाही?"

"श्वाससुद्धा जपून घे."

बारशाच्या दिवशी माझी बैठकीची खोली बायकांनी भरली. चंद्रव्वांनी त्यांच्याकडचा लाकडी पाळणा दिला. रिकामा पाळणा हलवायचा नसतो, म्हणून त्यात वरवंट्याला कुंची घालून निजवलं. गुळाचे खडे, घुगऱ्या, सगळं मांडलं. पाळण्याची गाणी झाली, तीही वरवंट्याकडं बघून. आणि वरवंट्याशेजारी माझा मोबाइल ठेवला.

तिथंच घात झाला. पाळण्यात ठेवायची वस्तू बिनपूजेची कशी ठेवायची? चंद्रव्वांनी पाण्यात बोट बुडवलं, हळद लावली, कुंकू लावलं, आणि तेही कुठं, तर थेट काचेवर, मधोमध. वर अक्षता टाकल्या. मी म्हटलं, "चंद्रव्वा, पुसू का थोडं?" तर म्हणाल्या, "कुंकू पुसतीस व्हय गं? लई शानी!" मी हात मागं घेतला.

आमचे हे आंघोळ करून, नवा शर्ट घालून बसले होते. एक बोट वर करून त्यांनी बायकांना गप्प केलं आणि त्या ओल्या कुंकवावरून नंबर लावायला घेतला. बोट एकीकडं, आकडा भलतीकडं उमटत होता. हे खोडत होते, परत लावत होते. काच लाल, बोट लाल. "शून्य शून्य बरोबर बसलंय," हे म्हणाले, "बाकीचं येतंय." शेवटी फोन माझ्या हातात दिला. रिंग वाजत होती, जरा वेगळीच, लांबलांब.

पलीकडं कुणीतरी उचलला. गप्प. माझ्या सूचनेप्रमाणंच की! मी डोळे मिटले, पोरीचा कान डोळ्यापुढं आणला आणि म्हटलं, "कुर्र!"

चंद्रव्वांना एवढंच ऐकू आलं. त्यांचा हात पडला तो असा पडला की मी फोनसकट पाळण्यावर आदळले. मग बाकीच्या सगळ्या तुटून पडल्या. बुक्क्या, धपाटे, कुणीतरी कोपरसुद्धा वापरलं. "अय्यो! मेले! थांबा गं!" करत त्या गदारोळातच मी नाव सांगितलं. सांगितलं एकदाचं. आणि फोनमधून आवाज आला, "कौन है भाई?"

माझ्या भाचीचा आवाज एवढा घोगरा कसा, हा माझ्या मनातला पहिला विचार. दुसरा विचार येतोय न येतोय तोच मी फोन कट केला.

"राँग नंबर," हे हळूच म्हणाले. "कुंकवामुळं."

खोलीत कुणी हसलं असेल, मला काही ऐकू आलं नाही. मला रडू फुटलं. लोकांना वाटलं लागलं म्हणून रडतेय. कसलं लागलंय! एवढी वर्षं जे नाव मी ओठावर येऊ दिलं नव्हतं, ते कुठल्यातरी परक्या बाप्याच्या कानात ओतून बसले होते. आता ते उष्टं झालं. ते पोरीला कसं देऊ? आणि दुसरं नाव माझ्याकडं नव्हतं, शोधलंच नव्हतं. चंद्रव्वा म्हणाल्या, "दुसरं ठेव की गं, नावाला काय तोटा हाय?" मी म्हटलं, "हाय तोटा!" आणि तोंड फिरवलं.

फोन वाजला. मला वाटलं शिवानंद. मी पदरानं कुंकू खसाखसा पुसलं, चंद्रव्वा ओरडेनात का, आणि उचलला.

"बहन," तोच घोगरा आवाज, घाबरलेला. "आप ठीक हैं? कौन मार रहा है आपको?"

मी ह्यांच्याकडं बघितलं.

"डरिए मत. मैं यहाँ बेकरी में काम करता हूँ. आपके वहाँ की पुलिस को फोन करूँ?"

झालं! त्या बिचाऱ्यानं अनोळखी नंबर बघून कोण आहे ते ऐकायला फोन नुसता कानाला लावलेला, आणि ऐकलं काय, तर एका बाईची किंकाळी. मी माझ्या सोलापुरी हिंदीत त्याला सांगितलं, "भैया, मारे नहीं, मतलब मारे, लेकिन खुशी में मारे. बच्ची का नाम रखे तो मारते हमारे में."

"किसको मारते हैं?"

"बुआ को."

माणूस विचारात पडला असणार की असल्या घरात मुलगी जन्माला का घालावी. मग मी धीर करून विचारलं, "भैया, सच बोलना. तुमने नाम सुना क्या?"

"नाम? कौन सा नाम? पहले कुर्र-कुर्र हुआ, मैं समझा लाइन खराब है. फिर मारपीट शुरू हो गई. नाम तो कोई नहीं सुना."

"अल्ला की कसम?" माझ्या तोंडून आपोआप निघालं. माणूस कोण, कुठला, काही माहीत नाही!

"कसम से, बहन."

मी चंद्रव्वांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. त्यांच्या पहिल्या धपाट्यानं नाव वाचलं होतं. त्या भल्या माणसाचे आभार मानून, "बाद में बोलती" म्हणून मी फोन ठेवला.

पण तोवर भिंतीवरचं घड्याळ बाराला टेकत आलं होतं. ह्यांनी आता कोरड्या काचेवर नीट नंबर लावला, तर एंगेज. परत लावला, एंगेज. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिवानंद माझी वाट बघून कंटाळून तिकडून मला लावत होता, आणि मी इकडून त्याला. तो थांबला की मी थांबायची, त्यानं लावला की मीही लावायची. लहानपणी दारात दोघं एकदम शिरून अडकायचो, तसंच चाललं होतं, आणि मधूनच भुवनेश्वरीचा मेसेज आला, "अक्का, वेळ होत आली. महेश्वरी पाळण्याजवळ बसलीय."

"कुणीतरी एकानं थांबायला पाहिजे," हे म्हणाले. ह्या वेळी बूथवाल्याच्या आवाजात नाही, साध्या आवाजात. "तू थांब, सिद्धू. त्याला लावू दे."

"आत्या पाळण्याकडं जाते," मी म्हटलं.

"माहितीये. पण आत्ता थांब."

मला नाव हवं होतं की मान, ते एका क्षणात ठरवायचं होतं. खरं सांगते, मला दोन्ही हवं होतं. मी इतकी चिडले होते की ह्यांच्यावर, त्या बेकरीवाल्यावर, महेश्वरीवर, सगळ्यांवर एकदम ओरडावंसं वाटत होतं. पण मी फोन पाळण्यात ठेवला, वरवंट्याशेजारी, आणि दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून बसले. बायकांनाही ताकीद दिली, कुणी हात उचलला तर घुगऱ्या मिळणार नाहीत.

पाळण्यात फोन वाजायला लागला. बाळ उठून रडावं तसा. मी तो दोन्ही हातांनी उचलला.

ह्या वेळी मी पलीकडं काय आहे ते आधी ऐकलं. कुणी बोलत नव्हतं. नुसता श्वास होता, बारीक, घाईचा, मधेच अडखळणारा, मग चपचप असा आवाज. ती मूठ चोखत होती. इकडं सगळ्या बायका श्वास धरून बसलेल्या, तिकडं पोर मूठ चोखतेय, आणि मी मेली नुसती ऐकत बसलेय. मग मी म्हटलं, "कुर्र," हळूच, आणि फोन तोंडाशी अगदी जवळ नेऊन नाव सांगितलं. ते नाव तोंडातून बाहेर पडताना मला वाटलं होतं दुखेल. दुखलं नाही.

चंद्रव्वांनी हात उचलला होता. माझ्याकडं बघितलं आणि तो खाली घेतला.

थोड्या वेळानं शिवानंदचा आवाज आला. "अक्का, सांगितलंस?"

"सांगितलं."

"आम्ही ऐकलं नाही हं. फोन तिच्या कानालाच होता."

"मग ऐक आता," मी म्हटलं.

"थांब, तू नको सांगू. आधी हे ऐक." आणि मला टण् टण् असा आवाज आला, चमच्यानं भांडं वाजवल्यासारखा. "ओळखलंस?"

"काय आहे?"

"वाटी. मी इकडं पहिल्यांदा आलो तेव्हा आपल्या ट्रंकेतली भांडी उचलून आणली, त्यात तळाशी ही आली. इतकी वर्षं हिच्यातच दही-भात खातोय, अक्का. वरचं नाव रोज वाचतोय. कुणाचं असेल ते कळायला वेळ लागला नाही मला. भुवनेश्वरीला आधीच सांगून ठेवलं होतं, मुलगी झाली तर नाव घरात तयार आहे, फक्त अक्कानं येऊन ठेवायचं. हिनं तुला मुद्दाम महेश्वरीचं भ्या घातलं, म्हणजे तू इरेला पेटून मनातलंच नाव ठेवशील. नाहीतर तू दुसरंच एखादं नवीन फॅशनचं नाव काढलं असतंस, आम्हाला बरं वाटावं म्हणून."

मी रडले, पण मघासारखी नाही. आमचे हे शेजारी उभे राहून शर्टाच्या टोकानं पाळण्यातला वरवंटा पुसत होते, तो आधीच स्वच्छ होता. मग चंद्रव्वांना राहवलं नाही. "साकु आता, रडनं पुरे," म्हणून त्यांनी माझ्या पाठीत असा एक घातला की मला ठसकाच लागला, आणि सगळ्या बायका हसायला लागल्या. फोनवर शिवानंद विचारत होता, "बसला का? बसला का?"

"बसला की," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर बायका मागं लागल्या, नाव सांगा, नाव सांगा. घुगऱ्यांच्या ताटाला कुणी हात लावेना. आमचे हे काही विचारत नव्हते, नुसते माझ्याकडं बघत होते.

"थांबा," मी म्हटलं. "तो बेकरीवाला काळजीत असेल." आलेल्या फोनांमध्ये त्याचा नंबर होता. ह्यांनी सवयीनं बोट पुढं केलं, मी ते बाजूला सारलं आणि स्वतः लावला. त्यानं पहिल्या रिंगलाच उचलला.

"बहन? अब कौन मार रहा है?"

"कोई नहीं मार रहा, भैया," मी म्हटलं. "मेरी भतीजी का नाम रखे. तुम भी सुनो." आणि बाळीवेशीतल्या सगळ्या दुकानांत ऐकू जाईल अशा आवाजात, इतक्या वर्षांनी, मी ते नाव सांगितलं, "दानेश्वरी!"